पाणी उतरल्यावर

सावदा, १६ एप्रिल

मयुरीच्या आईला,

पोचलीस, बरं वाटलं. एवढंच लिहितो, फार लिहिलं तर डोक्यावर बसशील.

पहिली गोष्ट म्हणजे मी फोनवर येत नाही म्हणून रागावू नकोस. फोन पोरीच्या हातात असतो. तू बोलायला लागलीस की तुझ्या मागे तिचं तोंड दिसतं, आणि मी तिच्याशी दोन वर्षं बोलत नाही हे आता साऱ्या सावद्याला पाठ झालंय. म्हणून हा कागद. मी लिहीन, भूमिका त्याचा फोटो काढून पाठवील, तूही तसंच कर. भावाची सून शेजारी राहते हे एक देवाने बरं केलं. जेवणाचा डबाही तिचाच आणि टपालखातंही तिचंच. फक्त एक पंचाईत आहे. तुला हाक मारायची तर ‘मयुरीची आई’ म्हणावं लागतं. जिच्याशी अबोला, तिचंच नाव दर कागदाच्या माथ्यावर! पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ‘कोकिळा’ लिहायला माझा हात धजत नाही, त्याला काय करू?

आता कामाचं. तू ग्रीसच्या त्या बेटावर हवापालटाला गेलेली नाहीस. पोरीला घेऊन यायचं, एवढ्यासाठी तुला एकटीला विमानात बसवलं. तिची नेमणूक जूनअखेर संपते, ती वाढवून घेऊ देऊ नकोस. तिने शेतीची पदवी घेतली तेव्हा मी मळ्यात तिच्यासाठी शेडनेट उभं केलं, केळीची टिश्यूची रोपं वाढवायला. ‘मयुरी रोपवाटिका’ अशी पाटी रंगवून घेतली. आणि ही गेली समुद्रातलं गवत शिकायला! अगं, आपल्या सात पिढ्या गवत उपटण्यात गेल्या. ही पाण्यात बुडी मारून गवत लावते आणि त्याचा पगार घेते. लोक विचारतात, “रतिलालभाऊ, पोरगी काय करते?” मी सांगतो, तिकडच्या शेतीखात्यात आहे.

तिला म्हणावं, पाटीचा रंग अजून उडालेला नाही. मी म्हटलं असं सांगू नकोस.

रतिलाल


सावदा, १ मे

मयुरीच्या आईला,

काल आखाजी झाली. ऊन असं की ओट्यावर पापड टाकला तर भाजून निघेल. तरी भूमिकेने खापरावर मांडे केले, आमरस केला, घागर भरली. निंबाला झोके बांधले होते आणि पोरी दिवसभर गाणी म्हणत होत्या. सगळ्यांच्या लेकी आल्या. कोणी भुसावळहून गाडीने, कोणी यावलच्या बसने, मांडीवर पोर आणि हातात पिशवी घेऊन. आपल्या ओट्यावर मी आणि गल्लीतलं कुत्रं. त्यालाही मांडा दिला. त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्ला.

पण तुझी चिठ्ठी वाचून हसू आलं ते आलंच. साड्यांत गुंडाळून तू खापर नेलंस! विमानतळावरच्या माणसाने ते बोटाने वाजवून पाहिलं आणि तू त्याला म्हणालीस, “फुटलं तं तुले भरून द्या लागीन.” त्याला काय कळलं देव जाणे. लेक आखाजीला माहेरी आली नाही तर माहेर खापर घेऊन लेकीच्या दारात गेलं. हे मला आवडलं. हेही तिला सांगू नकोस.

तू त्या समुद्राबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. लहान समुद्र, संध्याकाळी पलीकडचे डोंगर दिसतात. आणि सुनामीचा दगा अशा लहान समुद्रातच जास्त, असं मयुरी म्हणते. मोठ्या समुद्रात लाट लांबून येते, भोंगा वाजवायला वेळ मिळतो. इथे धरणीकंप अंगणातच होतो आणि भोंगा वाजायच्या आत लाट दारात. म्हणून ती शाळेतल्या पोरांना शिकवते की जमीन जोरात हलली की टेकडीवर पळायचं, मागे फिरायचं नाही. दप्तरासाठी नाही, कुत्र्यासाठी नाही, आईसाठीसुद्धा नाही.

हे शेवटचं मला पटलं नाही. आईसाठीसुद्धा नाही? ही काय शिकवण झाली! आणि ज्याचा पलीकडचा काठ दिसतो त्याला कसला समुद्र म्हणायचा? हतनूरच्या धरणाचं पाणी पसरतं तेव्हा आपल्यालाही पलीकडचा काठ दिसत नाही. आपण नाही त्याचा बाऊ केला. मी तापीकाठचा माणूस आहे. पाण्याला चढताना भ्यायचं, उतरताना नाही, एवढं मला कळतं.

तुझी चूल तीन दगडांवर डुगडुगते आणि लिंपायला माती मिळत नाही, सगळा खडक आहे, म्हणतेस. अगं, पाण्याच्या कडेला बघ ना. पूर ओसरला की तू आणि वहिनी घमेली घेऊन तापीत मळई आणायला उतरायच्या, विसरलीस? पाणी उतरलं की त्याच्या पोटातली माती वर येते आणि ती लोण्यासारखी असते. समुद्राचंही पाणी कधीतरी उतरत असेलच. उतरलं की जा घमेलं घेऊन. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, मग लेकीच्याच घरी का नको?

ती येते का, ते लिहिलं नाहीस. सगळं लिहितेस आणि तेवढंच विसरतेस.

रतिलाल


सावदा, १३ मे

मयुरीच्या आईला,

भूमिकेने काल फोनवर बातमी दाखवली. धरणीकंप, मग लाट. तुमच्याच बेटाचं नाव. रस्त्यात एक होडी आडवी पडली होती, भररस्त्यात, आपल्याकडे केळीचा ट्रक उलटतो तशी. मी भूमिकेला म्हटलं, लाव फोन. तू उचललास, “आमी बरे आहोत” म्हणालीस आणि लाइन गेली. मी नुसतं ‘हं’ म्हणालो. नंतर वाटलं, आणखी काहीतरी बोलायला हवं होतं.

मग तुझा कागद आला. ‘जमीन जरा हलली. अंगणात जरा पाणी आलं. मयुरीच्या हाताला जरा लागलंय.’

तुझा ‘जरा’ मला ठाऊक आहे. कपाशीच्या गंजीला आग लागली होती तेव्हाही तू ‘जरा धूर झालाय’ म्हणून निरोप पाठवला होतास. मी पोचलो तेव्हा अर्धी गंजी राख झाली होती.

जरा पाणी म्हणजे किती? हाताला जरा म्हणजे काय, खरचटलं की मोडला? आणि पाणी आलं तेव्हा तू कुठे होतीस? हे तू लिहिलेलंच नाहीस. मयुरी कुठे होती, शेजारीण कुठे होती, शेजारणीची बकरी कुठे होती हे सगळं आहे. तू कुठे होतीस?

खरं लिही. मी काही कापराचा नाही उडून जायला.

रतिलाल


सावदा, १९ मे

मयुरीच्या आईला,

तुझा कागद मिळाला. वाचला, खाली ठेवला आणि मळ्यात जाऊन केळीत बसलो. भूमिका डबा घेऊन शोधत आली तेव्हा तिला वाटलं मला ऊन लागलं.

तू जसं बोलतेस तसंच लिहिलंस. मी तेच पुन्हा खाली उतरवतो, कारण ते लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यातून जाणार नाही.

“जमीन हालली, मंग थांबली. मी म्हटलं झालं आता. मयुरी शायेत गेलेली. मी ओट्यावर आली तं पाह्यते काय, समुद्राचं पानी मागे मागे चाललं. नावा गाऱ्यावर बसल्या. अन् अशी काळीभोर माती उघडी पडली, मले तुमची चिठ्ठीच आठोली. घमेलं घेतलं अन् उतरली खाली. लोक टेकडीवर पयत होते, मले हातवारे करत होते. मले वाटलं धरणीकंपाले भेले असतीन. मी अर्धं घमेलं भरलं तं वरून मयुरीची हाक आली. बठ्ठे लोक वर चालले अन् ही एकटी खाली पयत आली. मी तिले म्हटलं, अवं थांब, घमेलं तं घेऊ दे!”

घमेलं तर घेऊ दे. हसावं की रडावं मला कळेना. मी दोन्ही केलं.

लाट डोंगराएवढी वगैरे काही नव्हती, असं तू लिहितेस. आधी घोट्याएवढं पाणी, मग कंबरेएवढं. पण ते थांबेचना. पायाखालची वाळू ओढून नेणारं, फळ्या, जाळी, खुर्च्या सगळं घेऊन येणारं. तिने तुला देवळाच्या पायऱ्यांपर्यंत ओढत नेलं, एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने तुला. एक नाव वाहत आली आणि तिच्या दंडावर आदळली. हाड मोडलं तरी तिने सोडलं नाही. पाणी गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मग वरची माणसं उतरली आणि त्यांनी तुम्हाला उचलून नेलं.

आणि तू वर मलाच समजावतेस की तुमची काही चूक नाही. त्याआधी एकदा शाळेत ती पोरांना पाणी मागे गेल्याची चित्रं दाखवत होती म्हणे, तू मागच्या बाकावर बसून पोरांचे गोंडस कपडे बघत होतीस आणि भाषा कळत नव्हती, म्हणून चूक तुझी. अगं, चूक कशाची वाटून घेतेस? ‘पाणी उतरलं की जा’ असं मी माझ्या हाताने लिहिलं. इथे सावलीत बसून, उंटावरून शेळ्या हाकल्या. नदी उतरली की पूर संपतो. समुद्र उतरला की सुरू होतो. हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. माझ्या एका ओळीने माझं घर बुडालं असतं.

मयुरीला वाचून दाखव. हो, मी म्हटलं असं सांगूनच दाखव. आईसाठीसुद्धा मागे फिरायचं नाही असं पोरांना शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या परीक्षेत भोपळा मिळवलाय. तिच्या बापाला आजवर तिचे कुठलेच मार्क इतके आवडले नव्हते.

पण आता पुरे. तू लिहितेस की ती हातासाठी रडत नाही, गवतासाठी रडते. वाळूने गवताचं रान झाकून टाकलं, जे उरलं ते मुळासकट उपटून काठावर ढीग पडलाय. गावामागचं तळं, जिथे गोडं पाणी नि खारं पाणी मिसळतं आणि मासे पिल्लं वाढवतात, त्यात चिखल नि डिझेल भरलं. लिंबाच्या बागांत खारं पाणी शिरलं आणि पानं करपायला लागली. खारी जमीन म्हणजे काय ते मला सांगायला नको. पण माणसं वाचली. गवत वाचलं नाही म्हणून रडायचं?

दोघी या. तिकडे पुन्हा जमीन हलणार नाही असं कोणी लिहून देतं का?

रतिलाल


सावदा, २ जून

मयुरीच्या आईला,

तुझा कागद आला आणि मी सकाळपासून जमिनीवर नाही.

येते म्हणाली! तिच्या तोंडचे शब्द तू जसेच्या तसे लिहिलेस ते बरं केलंस. ‘नाना म्हणतात तेच खरं. इथल्या लोकांनी मला आणखी दोन वर्षं राहायला सांगितलंय, जूनअखेर उत्तर द्यायचंय. मी नाही म्हणून कळवते आणि आईबरोबर घरी येते.’ नाना म्हणतात तेच खरं! हे वाक्य मी चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहे.

मी सावद्याच्या बाजारातून पेढे आणले आणि गल्लीत वाटले. सुकदेवला दोन दिले. तो शेजारच्या बांधाचा, दोन वर्षं मला टोमणे मारत होता. तिची खोली धुवून घेतली. भूमिका म्हणाली, “काका, ताई खरंच खुशीने येते का?” मी म्हटलं, न यायला काय झालं, इथे काय वाघ आहेत? आजकालच्या सुनांना प्रश्न फार पडतात.

तू खाली एक ओळ बारीक अक्षरात लिहिली आहेस की ती रोज पाण्याच्या काठी जाऊन बसते, पण उतरत नाही. हात अजून बांधलेला असेल, म्हणून.

रतिलाल


सावदा, ९ जून

मयुरीच्या आईला,

भूमिकेने तुला सांगितलंच असेल, पण माझ्याकडून ऐक. शुक्रवारी वादळ झालं. आधी धुळीचा लोट आला, मग वारा सुटला तो असा की पत्रे उडाले. आपली अर्धी बाग आडवी झाली. घडाने वाकलेली झाडं होती तीच आधी मोडली. जिथे बांधाला शेवरीची दाट रांग होती त्या आडोशाची तेवढी उभी राहिली. माझी काळजी करू नकोस, मी ठीक आहे, ‘जरा’ नाही, खरोखर ठीक. विमा आहे, आणि असं वादळ काही मी पहिल्यांदा पाहत नाही.

पण एक गोष्ट घडली ती तुला सांगायलाच हवी. शनिवारी सकाळी मी मोडकी झाडं तोडत होतो. सुकदेव आला, बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, “रतिलालभाऊ, आता सोडा केळी. दर दोन-चार सालाले वारा येते अन् तुमी पुन्हा लावता. काहून जीवाले त्रास करून घेता? प्लॉट पाडा, आरामात बसा.”

वाईट हेतूने बोलला नाही तो. पण मी असा भडकलो की विचारू नकोस! मी म्हटलं, “वारा आला म्हनून केळी सोडू? ह्या जमिनीत मले दुसरं काय येते? अन् वारा येते हे मले ठाव नव्हतं का लावली तवा?” तो बिचारा हात जोडून निघून गेला. संध्याकाळी मी त्याच्याकडे जाऊन चहा पिऊन आलो, ते जमलं.

पण मग रात्रभर माझंच वाक्य माझ्या कानात. कारण मी मयुरीला तीन आठवडे सुकदेवसारखंच सांगतोय. लाट आली, सोड आता. पुन्हा येणार नाही असं कोण लिहून देतं? मला कोणी असं म्हटलं तर मी अंगावर जातो, आणि तेच मी माझ्या लेकीला पत्राने पाठवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण या वेळी माझा पीळ माझ्याच गळ्याला बसला.

तिला एक विचार. मी विचारतोय असं सांग. ते गवत परत येतं का? येतं तर बियाने येतं की कसं? आणि खरं सांग, ती पाण्यात उतरली का?

रतिलाल

ता. क. मोडलेल्या झाडांच्या बुंध्याशी आताच नवे कोंब, पील, डोकावतायत. एकेक चांगलं ठेवून बाकीची काढतोय. या पावसातली मृगबागेची लावणी आहे तशीच होणार.


सावदा, २८ जून

चि. मयुरी,

हा कागद तुझ्या आईला नाही, तुला आहे. तू आधी वाच आणि मग तिला दे, नाहीतर ती रुसेल.

दोन वर्षांनी काय लिहायचं ते सुचत नव्हतं, म्हणून दोन दिवस नुसता पेन घेऊन बसलो. तुझी आई म्हणेल, “अबोला धराले जमते, सोडाले जमत नाही.” खरं आहे.

माझ्या प्रश्नाला तू उत्तर पाठवलंस ते भूमिकेने मला वाचून दाखवलं आणि मग मी स्वतः वाचलं. गवत कंदाने पसरतं, वर्षाला बोटभर. उपटून काठावर आलेल्या तुकड्यांतले जिवंत वेचून, वाळूत टोचून, बांधून ठेवले तर त्यातले काही धरतात. त्याने वाळू धरली जाते, मासे येतात, लाटेचा जोरही थोडा मोडतो. रान पुन्हा भरायला तुझं आयुष्य पुरणार नाही. हे सगळं वाचून मी भूमिकेला म्हटलं, अगं ही पण कंदच लावते की! आणि मी दोन वर्षं लोकांना शेतीखातं सांगत होतो, ते खोटं नव्हतंच.

आईने दुसरंही लिहिलं. गेल्या आठवड्यात तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं. तुझ्याबरोबरचे लोक नावेने गेले, तू काठापर्यंत गेलीस, पाय ओले केलेस आणि परत आलीस. आईला म्हणालीस, “मला डोळ्यांपुढे तू दिसतेस, घमेलं घेतलेली.” आईने हे लिहिलं आणि पुढे लिहिलं, हिला आता घरीच आणते, इथे हिचा जीव लागत नाही.

मयुरी, तू येते म्हणालीस तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. हे वाचलं आणि कळलं मी कशाचे पेढे वाटले. पोरीच्या भीतीचे.

मला तू घरी हवी आहेस. हे काही लपवून ठेवत नाही. जेवायला बसलो की तुझी जागा दिसते. भूमिका चांगली आहे, पण ती तुझ्यासारखी भांडत नाही. तिने परवा विचारलं, “काका, शेडनेट मी चालवू का? मले रोपं करता येतात.” मी तिला किल्ली दिली. पाटी तीच राहील असं ती म्हणाली, मी म्हटलं नको, तुझं नाव घाल, काम तुझं आहे. तेव्हा इकडची काळजी तुझ्या डोक्यावर ठेवू नकोस. नाना म्हणतात तेच खरं, असं तू म्हणालीस. तर आता नाना वेगळं म्हणतायत.

सोमवारी तुला त्या लोकांना उत्तर द्यायचं आहे. राहते म्हणून सांग. घरी यायचं तेव्हा ये. आखाजीला ये, दिवाळीला ये, उगीच भांडायला ये. पण पळून येऊ नकोस. ज्या पाण्याने तुझा हात मोडला त्याला पाठ दाखवून आलीस तर इथे माझ्या डोळ्यांसमोर असशील आणि तरी तिथेच काठावर उभी असशील. मला अशी अर्धी पोरगी नको.

आईला मात्र जुलैत पाठवून दे. मला भूमिकेच्या हातचं वरण आता खाववत नाही. हे भूमिकेला कळू देऊ नकोस, फोटो काढताना ती वाचते. वाचलंस ना ग भूमिका? बरं, राहू दे.

भीतीचं म्हणशील तर मला वाटेल. रोज वाटेल. तिकडे कुठे जमीन हलली अशी बातमी आली की मी भूमिकेकडे धावेन, लाव फोन म्हणून. वाटू दे. बापाला भीती वाटते म्हणून पोरीने पाण्यात उतरू नये, असं कुठे आहे?

तू सात-आठ वर्षांची असशील. तेव्हा आपल्या विहिरीला पाणी वर असायचं. केळीचा खांब पाठीला बांधून तू पोहायचीस आणि त्याला धरूनच राहायचीस. एक दिवस मी खांब सोडला आणि तुला ढकललं. तू खाली गेलीस. मी पायरीवर उभा होतो आणि पाणी वर नुसतं हलत होतं. तेवढ्या वेळात मी सगळे देव आठवले, कुलदेवीला काय काय कबूल केलं ते आजही कोणाला सांगितलेलं नाही. मग तुझं डोकं वर आलं. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, आणि तू ओरडून म्हणालीस, “नाना, अजून एकदा!”

मी तेव्हा घाबरलोय हे तुला दिसू दिलं नाही. आज सांगतो. आताही घाबरलोय. मी पायरीवर उभा आहे, मयुरी. उतर.

तुझा,
नाना